व्हटकरांचे रीळ, रोझीचा चेहरा आणि आपली उधारी

आपल्या पोरांच्या गप्पांत सिनेमा निघाला की दोन नावे हमखास येतात, 'सैराट' आणि 'जय भीम'. एकाने किती कोटी कमावले आणि दुसरा किती देशांत पाहिला गेला, याचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. आनंद आहे. पण चळवळीचा सिनेमा म्हणून जो काही इतिहास आहे तो या कोटींच्या गल्ल्यात सापडत नाही. तो कर्ज काढून, जमीन विकून, मित्राचा कॅमेरा उसना आणून केलेल्या कामात आहे. त्यातले बरेचसे काम आपण पाहिलेलेही नाही. पाहिले असेल तर फुकट पाहिले आहे आणि करणाऱ्याचे नाव विसरलो आहोत. हा लेख त्या विसरण्याबद्दल आहे.

सुरुवात डिसेंबर १९५६ पासून करावी लागते. ६ तारखेला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. रात्री विमानाने पार्थिव मुंबईला आणले गेले, तिथून राजगृहावर, आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले. त्या अंत्ययात्रेची चालती दृश्ये आज आपण मोबाइलवर बघतो, ६ डिसेंबरला स्टेटसला ठेवतो. ती कुणी काढली? नामदेव व्हटकर नावाच्या माणसाने. दलित समाजातून आलेला लेखक, सिनेमाच्या धंद्यात धडपडणारा. हा दिवस फिल्मवर उतरला नाही तर तो पुन्हा येणार नाही, हे त्यांना कळले. खिशात पैसे नव्हते. त्यांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकला आणि चित्रीकरण केले.

हा काय प्रकार होता हे आजच्या पिढीला समजावे म्हणून थोडा हिशेब सांगतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे हजार फूट म्हणजे पडद्यावर जेमतेम ११ मिनिटे. बटण दाबले की दर मिनिटाला ९० फूट फिल्म जाते, चूक झाली तरी जाते. नंतर ती धुवायची, मग तिची प्रत काढायची, प्रत्येक पायरीला पैसे. आपण आज जयंतीच्या मिरवणुकीचे तीन तास मोबाइलवर सहज काढतो आणि जागा भरली की पुसून टाकतो. व्हटकरांना एकेक मिनिट विकत घ्यावे लागले.

आंबेडकरी माहितीपटाचा आरंभ शोधायचा तर तो इथेच आहे. ना अनुदान, ना निर्माता, ना महोत्सव. तरीही त्यांच्यावर मराठी चित्रपट येतोय आणि प्रसाद ओक व्हटकर साकारणार अशी बातमी आली तेव्हा आपल्यातल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. दृश्ये आपल्याला माहीत होती, माणूस माहीत नव्हता.

आता याची उलटी बाजू बघा. केरळात पहिला मल्याळम मूकपट 'विगतकुमारन' जे. सी. डॅनियल यांनी स्वतःची जमीन विकून काढला. त्यात नायिका म्हणून उभी राहिली पी. के. रोझी, एक दलित मजूर बाई. तिने पडद्यावर नायर स्त्रीची भूमिका केली, एवढाच तिचा गुन्हा. सवर्ण प्रेक्षक खवळले, तिला गाव सोडून पळावे लागले आणि उरलेले आयुष्य तिने ओळख लपवून काढले. डॅनियल कर्जबाजारी झाले. आणि तो सिनेमा? त्याचे एकही रीळ शिल्लक नाही. रोझीने अभिनय कसा केला, ती पडद्यावर कशी दिसत होती, हे आता जगातला कोणताही माणूस सांगू शकत नाही. पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने चेन्नईत तिच्या नावाने चित्रपट महोत्सव सुरू केला. चांगले केले, पण महोत्सवाने चेहरा परत येत नाही. व्हटकरांचे रीळ राहिले म्हणून चौपाटीवरचा जनसागर आपल्याला दिसतो. रोझीचे राहिले नाही म्हणून तिच्या जागी काळा चौकोन आहे. जपणे आणि न जपणे यातला फरक यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

कुणी म्हणेल, हे काम सरकारने करावे. सरकारने केलेही. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा सरकारी पैशातून झालेला चित्रपट. मामुट्टी यांना त्यासाठी १९९८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याची तमिळ आवृत्ती थिएटरात लागायला डिसेंबर २०१० उजाडले, आणि त्यासाठीही मद्रास उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. सिनेमा तयार, पुरस्कार मिळालेला, पैसा जनतेचा, आणि तरी तो डब्यात. म्हणजे अडचण फक्त पैशाची नाही. तयार झालेली गोष्ट आपल्या माणसापर्यंत पोचू द्यायची की नाही, हे ठरवणारे हात वेगळे आहेत.

आता ज्या माहितीपटावर आपल्यात सर्वांत जास्त भांडणे झाली त्याकडे येऊ. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या खोलीत, डोक्याला निळे फडके बांधून, गळफास घेतला. १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात पटवर्धनांनी विलासचे गाणे घेतले होते. डाव्या सांस्कृतिक चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने जाताना निळा रंग का निवडला, या प्रश्नामागे ते सुमारे चौदा वर्षे कॅमेरा घेऊन फिरले. २०११ मध्ये तीन तासांहून मोठा माहितीपट पूर्ण झाला.

त्यावर आपल्या बाजूने आक्षेप घेतले गेले आणि त्यातला एक मला आजही खरा वाटतो. नावात 'जय भीम' आणि 'कॉम्रेड' बरोबरीने असले तरी माहितीपटाचा काटा शेवटी कॉम्रेडकडे झुकतो. बौद्ध विहारातले रोजचे जगणे, धम्म, नोकरी लागलेल्या पहिल्या पिढीची घालमेल, हे त्यात येते पण पाहुण्यासारखे येते. वस्तीतला शाहीर डावा असेल तर कॅमेरा त्याच्याकडे जास्त वेळ थांबतो. हे म्हणायला हरकत नाही, म्हटले पाहिजे.

पण एवढ्यावरून तो माहितीपट 'त्यांचा' म्हणून बाजूला टाकणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पोलिसांचा बचाव काय होता? जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, म्हणून गोळ्या झाडल्या. वृत्तपत्रांनी हे छापले आणि मध्यमवर्गाने मान्य करून टाकले. पटवर्धनांनी तो दावा दृश्यांच्या आणि रहिवाशांच्या साक्षीच्या समोर उभा करून उसवला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरवला, मनोहर कदम या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि पुढे तो जामिनावर बाहेर आला. आयोगाचा अहवाल किती जणांनी वाचला? वस्तीतल्या पोराला टँकरची थाप कळली ती या तीन तासांतून. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत तो दाखवला गेला तेव्हा शेकडो माणसे उघड्यावर बसून तो पाहत होती. (बाबासाहेब राहिले ती बी.आय.टी. चाळ परळची, ही वेगळी. पण इमारतींचे नाव एकच आणि त्यांत राहणारा कामगारही त्याच जातकुळीचा.) थिएटरवाला घेत नाही म्हणून चाळीत पडदा बांधला, हे मला त्या माहितीपटाच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठे वाटते.

'हमारा शहर'मधला एक प्रसंग तर आपल्या प्रत्येक पोराने पाहावा. झोपडी तुटलेली एक बाई कॅमेरामागच्या माणसालाच फैलावर घेते. आमचे हाल टिपून तुम्ही नाव कमावणार, आमच्या हातात काय पडणार, असा तिचा सवाल आहे. दिग्दर्शकाने तो कापला नाही, ठेवला. कॅमेरा कुणाच्या हातात, हा वाद आपण विद्यापीठातल्या चर्चासत्रांत पुढे मांडला. ती बाई तो १९८५ लाच रस्त्यावर मांडून गेली होती.

तोच सवाल घेऊन 'कोर्ट' बघा. चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा, वीरा साथीदार यांनी केलेला लोकशाहीर नारायण कांबळे. गटारात उतरलेल्या कामगाराच्या मृत्यूला शाहिराचे गाणे कारणीभूत, असा खटला. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला. सिनेमा उत्तम आहे, संभाजी भगत यांची गाणी अंगावर येतात. पण नीट पाहा. कॅमेरा बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, त्याच्या आईवडिलांच्या जेवणाच्या टेबलावर बसतो. सरकारी वकील बाईच्या स्वयंपाकघरात जातो. न्यायाधीशाबरोबर सहलीलाही जातो. नारायण कांबळे मात्र आपल्याला भेटतो तो मंचावर, पिंजऱ्यात, शिकवणीच्या मुलांत आणि छापखान्यात. संध्याकाळी घरी गेल्यावर हा माणूस कुणाशी बोलतो, कशावर हसतो, हे कळतच नाही. ज्याच्यावर खटला आहे त्याचेच घर सिनेमात नाही. बचाव करणारे म्हणतील, व्यवस्थेला तो माणूस दिसत नाही हेच तर दाखवायचे आहे. असेल. पण प्रेक्षक म्हणून मला तो दिसायला हवा होता. वीरा साथीदार स्वतः नागपूरच्या चळवळीतला कार्यकर्ता, 'विद्रोही'चा संपादक. सिनेमातल्या शाहिराहून मोठे आयुष्य ते जगत होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने ते गेले. त्यांच्यावर आपण कोणता माहितीपट काढला?

त्याच वर्षीच्या पुरस्कारांत भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा'ही होता. धनगर मेंढपाळाची गोष्ट, घरची जमीन विकून काढलेली. डॅनियल यांनीही जमीनच विकली होती. मधे पाऊणशेहून जास्त वर्षे गेली आणि बहुजन माणसाला सिनेमा काढायला अजून सातबाराच विकावा लागतो. ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांनी काय विकायचे? नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटापासून 'फँड्री'पर्यंतची वाट म्हणूनच मला कोटींच्या 'सैराट'पेक्षा महत्त्वाची वाटते. 'फँड्री'त डुक्कर बांधून खांद्यावर नेणारे कैकाडी कुटुंब शाळेच्या भिंतीवरच्या फुले, आंबेडकरांच्या चित्रांसमोरून चालत जाते. तिथे संवाद नाही, भाषण नाही. शेवटच्या दगडावर सगळे बोलतात. मी त्या भिंतीवर बोलेन. महापुरुष भिंतीवर रंगवून झाले आणि खालून तेच ओझे त्याच खांद्यावर चालले आहे, हे आपल्यालाही उद्देशून आहे, फक्त गावच्या पाटलाला नाही.

गेल्या दहा वर्षांत मात्र एक बदल झाला आणि तो इतिहासात नोंदवण्यासारखा आहे. कॅमेरा हळूहळू आपल्या हातात आला. सोमनाथ वाघमारे सांगली जिल्ह्यातला. त्याचा भीमा कोरेगाववरचा माहितीपट २०१७ सालचा आहे, म्हणजे १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्याच्या आधीचा. ही तारीख लक्षात ठेवा. हल्ल्यानंतर वाहिन्यांना अचानक भीमा कोरेगाव सापडले आणि तिथे काय चालते याच्या वाटेल त्या कहाण्या रचल्या गेल्या. त्याआधीच्या शांत गर्दीचे, बायकापोरांसह येणाऱ्या माणसांचे, स्तंभासमोर उभे राहून ते का येतात हे सांगणाऱ्यांचे चित्रीकरण आपल्यातल्याच एकाने करून ठेवले होते. त्याच्या नंतरच्या 'चैत्यभूमी'तही तेच. वर्षानुवर्षे मुंबईच्या वर्तमानपत्रांना ६ डिसेंबर म्हणजे शिवाजी पार्कचा कचरा आणि लोकलची गर्दी एवढेच दिसले. सोमनाथला पुस्तकांचे स्टॉल दिसले, गाणी दिसली.

ज्योती निशा यांनी 'डॉ. बी. आर. आंबेडकर: नाऊ अँड देन' लोकवर्गणीतून उभा केला, पुढे पा. रंजित त्यांच्या पाठीशी आले. बहुजन प्रेक्षक सिनेमाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा विचारही त्यांनी लेख लिहून मांडला. तमिळनाडूत दिव्या भारती यांनी 'कक्कूस' काढला. मदुराईत गटारात गुदमरून मेलेल्या दोन कामगारांपासून त्यांनी सुरुवात केली आणि राज्यभर हातांनी मैला उचलणाऱ्यांमागे फिरल्या. पोलिसांनी ठिकठिकाणी प्रदर्शने अडवली. त्यांनी तो सरळ यूट्यूबवर टाकला. मग धमक्या आल्या, गुन्हे दाखल झाले, जुन्या प्रकरणात अटकही झाली. गटारात माणूस उतरवणाऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा ते दाखवणारी बाई पोलिसांना जास्त धोकादायक वाटली.

सेन्सॉरची गोष्टही इथेच सांगून टाकतो. केरळच्या दलित-आदिवासींच्या भूमिलढ्यावरच्या 'पॅपिलिओ बुद्धा'ला २०१२ मध्ये आधी प्रमाणपत्र नाकारले, कारणांत गांधींवरची टीका होती. एप्रिल २०२५ मध्ये 'फुले' सिनेमातून जातींची नावे आणि पेशवाईचा उल्लेख काढायला लावले. फुल्यांवरच्या सिनेमातून पेशवाई काढायची, म्हणजे फुले कुणाशी भांडत होते? मोठ्या निर्मात्याकडे वकील असतो. छोट्याने काय करायचे? पूर्वी बोर्डाविरुद्ध दाद मागायला अपिली न्यायाधिकरण होते, ते २०२१ मध्ये बंद केले. आता थेट उच्च न्यायालय. दोन-चार लाखांत माहितीपट काढणाऱ्याला उच्च न्यायालयाचा खर्च सांगणे म्हणजे नाही म्हणण्याचा सभ्य प्रकार आहे.

बाहेरच्यांचे झाले, आता आपले.

जयंतीच्या डीजेला आपण आगाऊ रक्कम देतो. कटआउटवाल्याला देतो. माहितीपट काढणाऱ्या पोराला मात्र फोन करून सांगतो, 'दादा, लिंक पाठवा ना.' त्याने वस्तीत येऊन दाखवावा, स्वतःच्या खर्चाने यावे, प्रोजेक्टरही आणावा, आणि आपण त्याला शाल द्यावी. वरून त्याची दृश्ये कापून, नाव काढून आपल्या पानाचा शिक्का मारून टाकावीत. व्हटकरांचे नाव पुसले गेले ते असेच, आपल्याच हातांनी.

वर्गणीचा प्रश्न नवा नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजारांच्या मदतीवर, आणि पुढे पैशाअभावी थांबला. १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागत, वर्गणीदार पुरेसे नव्हते. हे ऋण माझे एकट्याचे आहे की समाजाचे, असा सवाल त्यांनी त्याच पत्रातून वाचकांना केला होता. १९२९ मध्ये तेही पत्र बंद पडले. तेव्हाचा समाज उपाशी होता, त्याला दोष देता येत नाही. आज आपल्यात अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत, परदेशात कमावणारे आहेत. आता कारण काय सांगायचे?

कुणी विचारेल, शिष्यवृत्त्या बंद पडताहेत, वसतिगृहे पडायला आलीत, तिथे पैसे द्यायचे की सिनेमाला? प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर रमाबाई नगरात आहे. दहा माणसे मेल्यावर लढाई सुरू झाली ती पुराव्याची.

मात्र वर्गणी द्यायची म्हणजे डोळे झाकायचे नाहीत. निळा झेंडा दिसला की 'अप्रतिम' लिहून मोकळे होण्याची आपली सवय वाईट आहे. यूट्यूबवर आपल्या नावाने कितीतरी माहितीपट आहेत ज्यांत ड्रोनमधून पुतळा दिसतो, मागे वाद्यांचा गजर असतो आणि कुठल्यातरी पुस्तकातला मजकूर भारदस्त आवाजात वाचलेला असतो. बोलणाऱ्याचे नाव नाही, गावाचे नाव नाही, कोणत्या सालातली गोष्ट तेही नाही. दलित बाई दिसते ती रडतानाच. हे सवर्ण दिग्दर्शकाने केले की आपण लेख लिहितो, आपल्याने केले की अंगठा दाखवतो. आठ राज्यांत फिरून अस्पृश्यता चित्रित करणाऱ्या स्टॅलिन के. यांच्या 'इंडिया अनटच्ड'मध्ये जात पाळणारे कॅमेरासमोर निर्लज्जपणे बोलतात. त्या माणसांना बोलते करायला वर्षे लागली. नवीन पोरांनी शिकायचे ते हे, ड्रोन नाही.

आणि जे झाले आहे ते जपायला हवे. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा वास येतो, तोवर उशीर झालेला असतो. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०२२ पासून ते एनएफडीसीच्या छत्राखाली गेले. आपल्या संस्थांनी तिथे जाऊन विचारावे की आंबेडकरी चळवळीचे काय काय जमा आहे, आणि नसेल ते जमा करून घ्यायला लावावे. पण सगळे तिथेही जाणार नाही. दीक्षाभूमीवर विकल्या गेलेल्या शाहिरांच्या व्हीसीडी आता चालवायला यंत्र मिळत नाही. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यानंतरच्या मिरवणुका गावोगावच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी व्हीएचएसवर काढल्या. त्यांची दुकाने कधीच बंद झाली, कॅसेटी माळ्यावर पडल्या आहेत, दर पावसाळ्यात त्यांना बुरशी चढते. तुमच्या तालुक्यात असा एक तरी शूटिंगवाला असेल. त्याच्याकडे जा, कॅसेट डिजिटल करून घेण्याचे पैसे मंडळाने द्यावेत, आणि त्याला शेजारी बसवून एकदा सगळी बघा. कोणती वस्ती, कोणते साल, पुढे झेंडा धरून चालणारी बाई कोण, हे विचारून वहीत लिहून घ्या. त्याला बहुतेक सगळ्यांची नावे आठवतात.